सेल लाइनची यंत्रवाचनीय सूची: नावे, उपवंश आणि खरे मूळ कसे नोंदवावे?

प्रश्न
आमच्या तीन प्रयोगशाळांना सेल लाइनची (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या, एकाच मूळच्या पेशींच्या वंशांची) सामाईक सूची करायची आहे. ‘हीला’ आणि ‘हीला एस३’ कोणी एकच मानतो, कोणी वेगळ्या. ‘हेप-२’समोर सर्वत्र ‘स्वरयंत्राचा कर्करोग’ असे लिहिले आहे. संगणकाला हे नेमके कसे सांगावे?

प्रतिसाद १
नावाला ओळख मानू नका. सेलोसॉरस या सेल लाइनच्या माहितीकोशातील क्रमांक वापरा. हीला ही गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील लाइन असून तिचा क्रमांक सीव्हीसीएल_००३० आहे. एस३ हा हीलाचा क्लोन (एकाच पेशीपासून वाढवलेला उपवंश) असल्याने त्याची नोंद स्वतंत्र ठेवून ‘मूळ लाइन’ या दुव्याने ती हीलाशी जोडावी. ऊती, रोग आणि प्रजाती मुक्त मजकुरात न लिहिता प्रमाणित शब्दसंग्रहातून घ्याव्यात, म्हणजे ‘गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील सर्व लाइन’ या प्रश्नाला एस३देखील आपोआप सापडेल.

प्रतिसाद २
वरील सूचनेशी सहमत आहे, परंतु माझ्या मते खरी अडचण हेप-२ची आहे. ती प्रत्यक्षात हीलाच असल्याचे सिद्ध झाले आहे, आणि स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वर्षानुवर्षे वापरलेली एमडीए-एमबी-४३५ ही एम१४ या मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) लाइनशी जुळते. म्हणून ‘दावा केलेले मूळ’ आणि ‘पडताळलेले मूळ’ ही दोन वेगळी क्षेत्रे हवीतच. जुनी नोंद कृपया पुसू नका, कारण ती पुसली तर जुन्या शोधनिबंधांतील निष्कर्ष कोणत्या पेशींवर आधारलेले होते हे शोधण्याची वाटच बंद होते.

प्रतिसाद ३
फ्रीझरमधील कुपी आणि सेल लाइन यांचीही गल्लत होऊ देऊ नये. एसटीआर चाचणीचा (डीएनएमधील खुणांवरून सेल लाइन ओळखणाऱ्या चाचणीचा) निकाल, तिची तारीख आणि पॅसेज क्रमांक (पेशी किती वेळा नव्या भांड्यात वाढवल्या तो आकडा) कुपीच्या नोंदीत लिहावेत.