बारावीच्या निकालावरून कॉलेज कसं पारखायचं? मदत हवी आहे

मुलगी यंदा दहावी झाली, अकरावी सायन्सला घालायचंय. एसटी स्टँडसमोर एका ज्युनिअर कॉलेजचा भलामोठा फ्लेक्स लागलाय, 'बारावी निकाल 100 टक्के'. चौकशी केली तर बसलेली मुलं जेमतेम तीस. शेजारच्या मुलाला तर तिथे बारावीत 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगितलं होतं. फार वाईट वाटलं.

दुसऱ्या कॉलेजचा निकाल थोडा कमी, पण मुलं चारशेवर. 2025 ला राज्याचाच निकाल 91.88 टक्के लागला, म्हणजे नुसत्या पास टक्क्यांवरून काय कळणार? विशेष प्रावीण्य किती, प्रथम श्रेणी किती, हे कॉलेजवार कुठे पाहायला मिळतं? आणि प्रॅक्टिकल खरोखर होतात का, हे तुम्ही कसं तपासलंत? कृपया अनुभव सांगा, पसंतीक्रम लवकरच भरायचाय.