मदत हवी आहे: टीव्ही गेमच्या कॅसेटमधली मेन्यूची धून वाचवायचीये

पेटीवाला:
मंडळी, शीर्षक वाचून हसू नका. दिवाळीत मिरजेला गेलो होतो, माळा आवरताना आमचा ९५-९६ सालचा टीव्ही गेम सापडला, तोच तो, निन्टेंडोच्या फॅमिकॉम या जपानी गेम मशीनची कॉपी, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर लिहिलंय ९९९९९९ इन १, खरे गेम मोजून २२, बाकी तेच तेच नावं बदलून. सवयीने फुंकर मारून लावली (हो माहितीये, फुंकर मारायची नसते, थुंकीने पिना गंजतात, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या) आणि चक्क चालू झाली की!

आता खरी गोष्ट. कॉन्ट्रा, मारिओ वगैरेंचं म्युझिक नेटवर हवं तेवढं पडलंय, त्याची काळजी नाही. पण गेमची यादी येते त्या पडद्यामागे जी धून वाजते ती मला कुठेच सापडेना. कोणी केली, कुठल्या देशात केली, काही पत्ता नाही, आणि आमच्या घरात सगळ्यात जास्त वाजलेली तीच, कारण कुठला गेम लावायचा यावरून भांडण मिटेपर्यंत ती चालूच असायची. कॅसेट गेली की ती गेली. म्हणून ती रेकॉर्ड करून ठेवायचीये आणि मग फॅमिट्रॅकरमध्ये (त्या मशीनच्या आवाजात धून बसवायचं सॉफ्टवेअर) स्वतः पुन्हा बसवायचीये.

अडचणी अशा:

एक म्हणजे लय. ट्रॅकर माझ्या मशीनसारखा वाजतो का हे बघायला आधी त्याच कॅसेटवरचा कॉन्ट्रा घेतला. पहिल्या स्टेजचं म्युझिक एम्युलेटरवर (लॅपटॉपवर त्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) जेवढं पन्नास सेकंदात वाजतं तेवढ्याला आमचं मशीन साठ सेकंद घेतं. म्हटलं म्हातारं झालंय. पण बाबांनी पेटी काढून ताडून बघितलं, म्हणाले पट्टी तीच आहे रे, लय तेवढी उतरलीये. कॅसेट प्लेअर हळू चालला तर दोन्ही उतरतात ना, मग इथे असं का?

दुसरं, आवाजाचा पोतच वेगळा. एम्युलेटरवर जो सूर सनईसारखा चिरका येतो तो आमच्याकडे पोकळ, जाडसर. आणि तिसरं म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये सतत घूं. पिवळी पिन टीव्हीला, पांढरी लॅपटॉपच्या लाइन इनला लावलीये. घूं फिल्टरने काढली तर खालचा बेसही निम्मा जातो.

मशीन उघडलं, आत दोन मोठ्या चिपा, यूए ६५२७पी आणि यूए ६५३८, आणि घड्याळाच्या क्रिस्टलवर २६.६०१७१२ (मेगाहर्ट्झ) असं काहीतरी. कुणाला काही कळतंय का यातून?

तारजोड:
कळतंय, जवळजवळ सगळंच कळतंय. मशीन म्हातारं वगैरे काही नाही, ते पहिल्या दिवसापासून असंच वाजत होतं.

या गेमांचं म्युझिक टीव्हीच्या फ्रेमवर चालतं, दर फ्रेमला एक पाऊल पुढे. जपान-अमेरिकेत सेकंदाला ६०, आपल्याकडे पाल पद्धतीचे टीव्ही म्हणून ५०. म्हणून तुझे पन्नासाचे साठ. सुराची उंची मात्र सीपीयूच्या घड्याळावरून ठरते. जपानी मशीनचं घड्याळ १.७९ मेगाहर्ट्झ. निन्टेंडोच्या युरोपातल्या मशीनमध्ये तुझ्यासारखाच क्रिस्टल, पण त्याच्या आकड्याला १६ ने भागतात, येतात १.६६, म्हणजे सूर अर्ध्या स्वराहून जास्त उतरतो. कॉपीवाल्यांनी १५ ने भागलं, येतात १.७७. जपानीच्या इतकं जवळ की फरक केसभर. बाबांचा कान बरोबर आहे, माझा नमस्कार सांग.

पोताचं असं की त्या चिपेत दोन पल्स, एक ट्रँगल, एक नॉइज आणि एक सॅम्पलचा असे पाच चॅनल. पल्सची ड्यूटी, म्हणजे लाट किती वेळ वर असते ते, १२.५, २५, ५० किंवा ७५ टक्के. कॉपीच्या बऱ्याच चिपांमध्ये २५ आणि ५० ची अदलाबदल झालेली असते. तू सांगतोयस ते तेच. मेसेन नावाच्या एम्युलेटरमध्ये रीजन डेंडी कर (रशियात याच जातीचं मशीन त्या नावाने विकायचे) आणि ड्यूटी अदलाबदलीची टिक लाव, मग ऐक. फॅमिट्रॅकरमध्ये मशीन एनटीएससी (जपान-अमेरिकेची टीव्ही पद्धत) ठेवून इंजिन स्पीड ५० कर, आणि कानाला पोकळ लागेल तिथे व्ही२ (५० टक्के), चिरका लागेल तिथे व्ही१ (२५ टक्के).

खारीबटर:
घूंला फिल्टर लावू नकोस, बेस वाजवणारा ट्रँगल तिथेच खाली असतो, त्याला तर आवाज कमीजास्तही करता येत नाही, आहे तो घालवशील. टीव्हीची पिन काढ, लॅपटॉप चार्जरवरून काढ, आणि अडॅप्टर ९ व्होल्टचा असेल तर त्याच्या जागी सहा पेन्सिल सेल. प्लस-मायनस आधी मीटरने बघ, काही मशीनमध्ये उलटं असतं.

पेटीवाला:
सेलवर चालवलं. घूं गेली!! एवढी गेली की आता धुनीच्या शेवटी, परत सुरू व्हायच्या आधी, एक बारीक टक् ऐकू येतंय, ते मी तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. मेसेनमध्ये डेंडी लावून कॉन्ट्रा वाजवला तर बाबा आतल्या खोलीतून म्हणाले, लावला का परत तो डबा? एम्युलेटर होता.

आता शंका अशी की पुन्हा बसवताना ५० वर बसवू की ६० वर? ज्याने केली त्याच्या डोक्यात ६० असेल कदाचित.

तारजोड:
तू ऐकलीस तशी बसव. त्याच्या डोक्यातली हवी असेल तर मूळ डेटा लागेल. चालू केल्या केल्या कॅसेटचा जो ३२ केबीचा तुकडा समोर असतो त्यातच बहुतेक मेन्यू असतो, तेवढा डंप झाला, म्हणजे कॅसेटमधून कॉपी करून घेतला, तरी धून हाताला लागेल, मग ती कुठल्याही लयीत वाजव. आणि रेकॉर्डिंगची कच्ची वेव्ह फाइल ते टक् न कापता ठेव.

पेटीवाला:
टक् कापणार नाही. मग आता शेवटचं, पुण्यात किंवा सांगली-मिरज भागात कुणाकडे ६० पिनांच्या कॅसेटचा डंपर आहे का? कॅसेट कुरियरने पाठवायची माझी हिंमत नाही, मी स्वतः घेऊन येतो, रविवारी कधीही.