विमानात नीट चालणारी मोटर बोटीत का जळली?

प्रश्न : कृष्णाकाठ

नमस्कार. रिमोटवर चालणारी दोन मॉडेल मी गेल्या पावसाळ्यापासून स्वतः बांधत आहे. पहिले फोमबोर्डचे, वर पंख असलेले शिकाऊ विमान आहे. त्याच्या पंखांचा विस्तार १२० सेंटीमीटर आणि बॅटरीसह वजन ७८० ग्रॅम आहे. त्यात २२१२ आकाराची १००० केव्हीची ब्रशलेस मोटर, १०×४.५ चा प्रोपेलर (दहा इंच व्यास आणि साडेचार इंच पिच, म्हणजे एका फेऱ्यात पुढे सरकण्याचे अंतर), ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारे सर्किट) आणि २२०० एमएएचची तीन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी आहे. विमान नऊ-दहा मिनिटे व्यवस्थित उडते, मात्र उतरल्यावर मोटरला हात लावून धरता येत नाही इतकी ती तापलेली असते.

दुसरी ६० सेंटीमीटर लांबीची बोट आहे. ती प्लायवूडची असून आतून-बाहेरून इपॉक्सी लावलेली आहे आणि तिचे वजन १.४ किलो भरते. विमानासाठी आणलेला मोटर आणि ईएससीचा दुसरा जोड मी तिच्यात बसवला आणि ४५ मिलिमीटर व्यासाचा तीन पात्यांचा प्रोपेलर लावला. जी मोटर विमान हवेत उचलते, तिला पाण्यावर तरंगणारी बोट ढकलणे जड जाऊ नये, असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात आमच्या शेततळ्यात दुसऱ्याच मिनिटाला ईएससीमधून धूर निघाला आणि मोटरच्या वाइंडिंगलाही जळका वास येऊ लागला. ज्यांच्याकडून सामान घेतले, त्यांनी ६० अँपिअरचा ईएससी आणि चार सेलची बॅटरी लावण्यास सुचवले आहे. पुन्हा खर्च करण्यापूर्वी नेमके कारण समजून घ्यावे, म्हणून येथे विचारत आहे.

उत्तर १ : खाडीकिनारा

चार सेलची बॅटरी कृपया लावू नका. ईएससी मोठा घेतल्याने ईएससी वाचेल आणि मोटर जळेल, एवढाच फरक पडेल.

मूळ घोटाळा आपल्या हिशेबातच आहे, आणि तो जवळजवळ प्रत्येक नवशिक्याकडून होतो. मोटरला बोटीचे वजन जाणवत नाही, तिला फक्त प्रोपेलरचा विरोध जाणवतो. १००० केव्ही याचा अर्थ भार नसताना दर व्होल्टला मिनिटात १००० फेरे, म्हणजे ११.१ व्होल्टवर सुमारे ११,१०० फेरे. प्रोपेलर कोणताही लावा, मोटर त्या वेगाच्या जवळ जाण्याचा प्रयत्न करत राहते. प्रोपेलर तिला जितका मागे खेचतो, तितका जास्त करंट ती बॅटरीकडून ओढते आणि तो करंट वाइंडिंगच्या रोधातून जाताना उष्णता होतो. हवेपेक्षा पाणी सुमारे आठशे पट घन असल्यामुळे आपला तळहाताहूनही लहान प्रोपेलर त्या मोटरला विमानाच्या दहा इंची प्रोपेलरहून जड जाऊ शकतो.

यात व्यासाचा परिणाम सर्वांत मोठा असतो. एकाच घडणीचे दोन प्रोपेलर एकाच वेगाने फिरत असतील, तर लागणारी शक्ती व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. म्हणून ३५ मिलिमीटरच्या जागी ४५ मिलिमीटरचा प्रोपेलर लावला की शक्तीची मागणी सुमारे साडेतीन पट होते, आणि तिसरे पाते त्यात आणखी भर घालते. आकड्यात दहाच मिलिमीटर वाढलेले दिसतात, त्यामुळे माणूस सहज फसतो.

व्होल्टेजचेही असेच आहे. प्रोपेलर फिरवायला लागणारी शक्ती वेगाच्या तिसऱ्या घाताने वाढते. तीनऐवजी चार सेल लावून मोटरचा वेग त्याच प्रमाणात वाढला असे धरले, तर शक्ती २.३७ पट आणि करंट १.७८ पट होतो. भाराखाली वेग तितका वाढत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा कमी येईल, पण धूर निघालेल्या जोडणीला तेवढीही वाढ झेपणार नाही.

शिवाय विमानात प्रोपेलरचा वारा सतत मोटरवरून वाहतो आणि विमानाने वेग घेतल्यावर प्रोपेलरचा भारही थोडा हलका होतो. आपली बोट झाकण लावून बंद केलेली असणार, म्हणजे आत वारा नाही आणि उष्णतेला बाहेर पडायला वाट नाही. म्हणूनच बोटीच्या ईएससीला पाणी फिरवण्यासाठी नळ्या असतात आणि इनरनर, म्हणजे फक्त आतला भाग फिरणाऱ्या, मोटरवर पाण्याचे जॅकेट चढवतात. आपली मोटर आउटरनर आहे, म्हणजे तिचे बाहेरचे कवचच फिरते. तिच्यावर जॅकेट बसत नाही, फक्त मागच्या माउंटला पाण्याने थंड करता येते.

ही बोट शांतपणे फिरवायची असेल, तर त्याच आकाराची नवी मोटर घ्या, तिला ३२ ते ३५ मिलिमीटरचा दोन पात्यांचा प्रोपेलर लावा आणि पाण्याने थंड होणारा ईएससी वापरा. ती पाण्यावर उसळत धावावी अशी इच्छा असेल, तर मात्र ३६ मिलिमीटर व्यासाची, पाण्याचे जॅकेट असलेली इनरनर मोटर घ्यावी लागेल. तो वेगळ्या खर्चाचा विषय आहे. आणखी एक पाहा. प्रोपेलर काढून मोटर आणि शाफ्ट हाताने फिरवून बघा. मोटर आणि शाफ्ट जोडणारे कपलिंग सरळ रेषेत नसेल किंवा शाफ्ट ज्या नळीतून बाहेर जातो त्या स्टफिंग ट्यूबमधले ग्रीस सुकले असेल, तर काही अँपिअर तिथेच वाया जातात.

उत्तर २ : बाल्साप्रेमी

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मी आपल्या विमानाविषयी लिहितो, कारण ते आज उडत असले तरी त्याचाही ताण तोच आहे.

२२१२ आकाराच्या, १००० केव्हीच्या बहुतेक मोटरच्या माहितीपत्रकात ४ ते १० अँपिअर हा चांगल्या कार्यक्षमतेचा पट्टा आणि १२ अँपिअर ही ६० सेकंदांची मर्यादा दिलेली असते. आपल्या ईएससीवर ३० लिहिलेले आहे म्हणून मोटरला ३० अँपिअर चालतील असे नाही. शिकाऊ विमानाला किलोमागे साधारण ११० ते १५० वॉट पुरतात. ७८० ग्रॅमच्या विमानाला म्हणजे फार तर ११५-१२० वॉट लागतील, आणि ते ११ व्होल्टवर ११ अँपिअरच्या आत मिळतात. दहा इंची प्रोपेलर यापेक्षा बराच जास्त करंट घेत असणार. व्यास दहावरून नऊ इंच केला आणि पिच तोच ठेवला, तर शक्तीची मागणी साधारण एक तृतीयांशाने कमी होईल. विमान थोडे सावकाश चढेल, पण मोटर टिकेल.

हे सगळे अंदाजाने करू नका. बॅटरी आणि ईएससी यांच्यामध्ये लावायचा वॉटमीटर घ्या. या छंदात मी केलेल्या खरेदींपैकी सर्वांत उपयोगी वस्तू तीच आहे. विमान घट्ट बांधून प्रोपेलरच्या मागे उभे राहा, पूर्ण थ्रॉटल दहा सेकंदांपेक्षा जास्त देऊ नका आणि आकडा वाचून लगेच बंद करा. ईएससीच्या मांडणीचे इतर प्रत्येक काम प्रोपेलर उतरवूनच करा. हे मी आग्रहाने सांगतो, कारण फिरता प्रोपेलर बोटे कापतो.

लिपोचे सेल भाराखाली प्रत्येकी ३.५ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका आणि आठवडाभर वापर नसेल तर ३.८ व्होल्टवर ठेवा. आपले विमान २५० ग्रॅमपेक्षा जड असल्याने २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार सूक्ष्म गटात येते, तेव्हा उडवण्यापूर्वी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपले शिवार हिरव्या (परवानगी न लागणाऱ्या) क्षेत्रात आहे का, ते पाहून घ्या.

उत्तर ३ : माळरान

आपण शेततळे असे लिहिले आहे, म्हणून विषयाला धरून एक काळजीची गोष्ट सांगतो. अस्तरीकरण केलेल्या शेततळ्याच्या उतारावर शेवाळ धरते. पोहता येणारा माणूससुद्धा आत उतरला की त्या प्लास्टिकवर पाय ठरत नसल्यामुळे त्याला बाहेर येता येत नाही. मोटर बंद पडून बोट मध्यभागी अडकली तरी ती आणण्यासाठी पाण्यात उतरू नका आणि मुलांना तर काठावरही एकटे सोडू नका. टेनिसच्या चेंडूला लांब नायलॉनची दोरी बांधून ठेवावी, चेंडू बोटीच्या पलीकडे फेकावा आणि समोरच्या काठावरील सोबत्याच्या मदतीने दोरीने बोट ओढून घ्यावी. रिसीव्हरची अँटेना पाण्याच्या पातळीच्या वर, उभ्या नळीत ठेवा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि अँटेना तळाशी असली की बोट दूर गेल्यावर संपर्क तुटतो. थ्रॉटलचा फेलसेफ (संपर्क तुटल्यावर रिसीव्हर आपोआप देतो तो थ्रॉटल) शून्यावर लावलेला आहे ना, तेही काठावरच ट्रान्समीटर बंद करून तपासा.

पुन्हा कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. वॉटमीटर आणून दोन्हींची मोजणी केली. विमानात दहा इंची प्रोपेलरला पूर्ण थ्रॉटलवर १५.२ अँपिअर लागत होते, ९×४.५ ला १०.४ लागतात. विमान अजूनही सहज चढते आणि मोटरवर आता हात ठेवता येतो.

बोटीसाठी नवी मोटर आणि पाण्याने थंड होणारा ईएससी घेतला. प्रोपेलर लावण्यापूर्वी शाफ्ट फिरवून पाहिला, तेव्हा कपलिंग जवळजवळ दोन मिलिमीटर वाकडे बसल्याचे दिसले. मोटरचे माउंट काढून, खाली प्लायवूडची चकती देऊन ते सरळ केले. ३५ मिलिमीटरच्या दोन पात्यांच्या प्रोपेलरने, बोट काठाला बांधून पाण्यात घेतलेला आकडा ८.१ अँपिअर आला. आठ मिनिटे चालवून झाकण उघडले तेव्हा ईएससी कोमट होता. स्टफिंग ट्यूबमधून आत चमचाभर पाणी आले होते. तिथे साधे ग्रीस होते, आता सागरी ग्रीस भरले आहे आणि पुढच्या रविवारी पुन्हा पाहणार आहे. बोटीच्या कडीला दोरी बांधलेलीच ठेवली आहे.