जीआर ८६ साठी मॅगव्हील आणि टायर : रोजचं ऑफिस + महिन्यातून एक ट्रॅक डे, एकच सेट घ्यावा का दोन?

फ्रीमाँटची_पोर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, आधीच सांगते.

माझ्याकडे २०२३ ची टोयोटा जीआर ८६ प्रीमियम आहे, मॅन्युअल. कंपनीकडून आलेली १८ इंची मॅगव्हील आणि २१५/४० आर१८ चे (२१५ मिमी रुंद, उंची रुंदीच्या ४० टक्के, १८ इंची रिमसाठी) मिशलिन पायलट स्पोर्ट ४. रोज कॅलिफोर्नियात फ्रीमाँट ते सॅन होजे जाऊन येऊन, ८८० हायवेने, ज्यांनी तो रस्ता बघितलाय त्यांना खड्ड्यांचं सांगायला नको. आणि गेल्या वर्षापासून ट्रॅकचं वेड लागलंय, आपली गाडी घेऊन रेसट्रॅकवर चालवायला मिळते ते ट्रॅक डे, दोनदा थंडरहिल झालं, एकदा लगुना सेका. लगुनाला त्या कॉर्कस्क्रू नावाच्या उताराच्या वळणावरून पहिल्यांदा खाली उतरले तेव्हा पोटात गोळा आला होता आणि लगेच पुढच्या लॅपची वाट बघत होते, तेव्हाच कळलं की हे आता सुटत नाही.

आता प्रॉब्लेम असा की तीन ट्रॅक डे मध्ये पुढच्या दोन्ही टायरचा बाहेरचा खांदा पार घासलाय, अगदी गोटा, आणि मधली नक्षी बघाल तर अजून वर्षभर आरामात चालेल अशी. टायरच्या दुकानात विचारलं तर म्हणाले रुंद टायर घ्या, ९ इंची रिम घ्या, २४५ टाका. घरी येऊन वाचायला बसले तर कोणी +३५ ऑफसेट (रिम बसवायची जागा रिमच्या मध्यरेषेपासून किती मिमी बाहेर ते) म्हणतंय कोणी +४५, कोणी म्हणतं १७ वर उतर, कोणी म्हणतं १८ च ठेव, डोकं गरगरायला लागलं.

अपार्टमेंटमध्ये राहतो, गॅरेज नाही, त्यामुळे दुसरा सेट ठेवायला जागा म्हणजे बाल्कनी. नवरा म्हणतो कपडे कुठे वाळत घालायचे मग.

तर १७ का १८, रुंदी किती, आणि ते २०० ट्रेडवेअरवाले (टायर किती टिकतो त्याचा आकडा, कमी म्हणजे सहसा जास्त चिकट) टायर रोज वापरले तर चालतात का, एवढं कोणी सांगेल का?

कोपरा_अकरा

ताई, पहिलं सांगतो, तुमचा खांदा टायर अरुंद असल्यामुळे घासलेला नाही, कॅम्बरमुळे (समोरून बघताना चाकाचा कल, वरची बाजू आत झुकली की उणे) घासलाय. ८६ फॅक्टरीतून येते तेव्हा पुढचा कॅम्बर जवळपास शून्य असतो. वळणात गाडी झुकली की टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो आणि सगळा भार त्या दोन बोटं जागेवर येतो. तिथे तुम्ही २४५ टाकलात तरी तो २४५ सुद्धा त्याच कडेवर उभा राहणार आणि तसाच घासणार, फक्त जास्त पैशात. तेव्हा एक रुपया, म्हणजे डॉलर, मॅगव्हीलवर टाकायच्या आधी अलाइनमेंट करून घ्या. कॅम्बर बोल्ट टाकले की साधारण उणे दीड ते दोन अंश मिळतो, कॅम्बर प्लेट बसवल्या तर उणे तीनपर्यंत जाता येतं. उणे दोन, आणि टो (वरून बघताना चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असणं) शून्य. रोजच्या वापरात आतली कड घासेल अशी भीती लोकांना असते, पण टायर खरा खातो तो टो. टो शून्य असेल तर उणे दोन कॅम्बरवर ऑफिसला खुशाल जा, मी सहा वर्षं जातोय.

आता साइझ. मी कायम टायरपासून सुरू करतो, मग रिम. लोक उलटं करतात, आधी फोटो बघून रिम घेतात आणि मग त्यात मावेल तो टायर शोधत बसतात.

तुमच्या आताच्या २१५/४० आर१८ चा व्यास येतो ६२९ मिमी. २२५/४५ आर१७ चा ६३४, म्हणजे एक टक्क्यापेक्षा कमी फरक, स्पीडोमीटरला कळणारसुद्धा नाही. २४५/४० आर१७ चा ६२८. २३५/४० आर१७ चा ६२०, हा थोडा बुटका, गिअरिंग किंचित आखूड वाटेल. म्हणजे १७ वर उतरलात तर गाडीची उंची, गिअर, काहीच बिघडत नाही, वर टायर स्वस्त, रिम हलकी, आणि ८८० च्या खड्ड्यासाठी रबराची भिंत जास्त. ह्या गाडीला १८ ची गरज नाही. बेस मॉडेल १७ वरच येतं की.

ऑफसेटचं गणित अवघड नाहीये, एकदा कागदावर करा. आताची रिम साडेसात इंच, +४८. समजा १७ बाय ९, +४५ घेतलीत. रुंदी दीड इंचाने वाढली म्हणजे ३८ मिमी, दोन्हीकडे १९-१९. ऑफसेट ३ ने कमी, म्हणजे अख्खी रिम ३ मिमी बाहेर सरकली. एकूण बाहेर २२ मिमी, आत १६ मिमी. आत शॉकअप आहे, बाहेर फेंडर आहे, दोन्हीकडे जागा मोजूनच हो म्हणायचं. हेच १७ बाय ८, +४५ ला करून बघा, बाहेर ९ आणि आत जेमतेम ३ मिमी. ती रिम डोळे मिटून बसते. +३५ म्हणणारे लोक बहुतेक दिसण्यासाठी म्हणतात, रिम फेंडरच्या कडेला आली की गाडी झोकात दिसते खरी, पण स्टिअरिंगचा तोल बदलतो आणि खड्ड्यात फेंडरला घासतं.

माझं मत : १७ बाय ८, +४५ च्या आसपास, २२५/४५. गाडी पावणेतेराशे किलोच्या आत-बाहेर, पॉवर २२८ एचपी. ह्या गाडीला २२५ भरपूर आहे, आणि हलक्या गाडीवर फार रुंद टायर नीट तापतच नाही.

वाकडचा_पोलोवाला

वरच्या कोपरा दादांच्या खड्ड्याच्या मुद्द्याला माझं दोन्ही हातांनी अनुमोदन. माझी पोलो आहे, पुण्यात रोज चालवतो आणि वर्षातून दोनदा कोइंबतूरला करी स्पीडवेला घेऊन जातो. हौसेने १७ इंची टाकली होती, कमी उंचीचे टायर, दिसायला एक नंबर. पावसाळ्यात जुन्या हायवेवर पाण्याखालचा खड्डा दिसला नाही, पुढची डावी रिम वाकली आणि टायरला बाजूला लिंबाएवढा फुगा. फुगा आला की आतले धागे तुटलेले असतात, तो टायर पंक्चरवाल्याकडे नेऊन उपयोग नाही, फेकायचाच. आणि मला सगळ्यात भीती कसली वाटली माहितीये, तो फुगा मी तिथेच थांबून वाकून बघितला म्हणून दिसला, नाहीतर पुढच्या आठवड्यात तोच टायर घेऊन मी ट्रॅकवर १५० ने गेलो असतो. तेव्हापासून ट्रॅकच्या आदल्या रात्री चारही टायर आतल्या बाजूनेसुद्धा टॉर्च मारून बघतो. गाडी उचलायला लागते पण बघतोच.

आता परत १५ वर आलोय आणि गाडी जास्त मजेची झालीय. रिम घेताना जेडब्ल्यूएल आणि व्हीआयएचा शिक्का बघा, जपानी स्टँडर्ड आहे, स्वस्तातल्या नकली रिमवर फक्त फोटोत छान दिसणारं डिझाइन असतं. साध्या कास्टपेक्षा फ्लो फॉर्म केलेली घ्या, म्हणजे कास्ट केल्यावर रिमचा कडेचा भाग गरम करून रोलरने दाबून लांबवतात, तिथलं धातू दाट होतं, त्यामुळे पातळ करूनही ताकद टिकते. फोर्ज्ड सर्वात मजबूत पण किंमत ऐकून मी मागे फिरलो. तुमच्यासारख्या वापराला फ्लो फॉर्म पुरे.

ऑस्टिनचे_अप्पा

टायरचं बोलू. ट्रेडवेअर २०० हा आकडा लोक वजनकाट्यासारखा समजतात, तसा तो नाही. इथे आमच्या टेक्सासमध्ये सॅन अँजेलोजवळ ठरलेला रस्ता आहे, त्यावर ७,२०० मैल टायर चालवून सरकारी कंट्रोल टायरशी तुलना करतात, आणि शेवटी आकडा छापते ती कंपनी स्वतःच. त्यात ऑटोक्रॉसच्या (मोकळ्या मैदानात शंकू लावून एकेकाची वेळ मोजायची स्पर्धा) स्ट्रीट क्लासला कमीत कमी २०० पाहिजे असा नियम झाला, मग सगळ्यांनी बरोब्बर २०० छापायला सुरुवात केली. ब्रिजस्टोन आरई-७१आरएस, योकोहामा ए०५२, फाल्कन आरटी६६०, हँकूक आर-एस४, सगळ्यांवर २०० च लिहिलंय, पण स्वभाव चारांचे चार. ए०५२ पहिल्याच लॅपला चिकटतो आणि तितक्याच लवकर तापून ढिला पडतो, ऑटोक्रॉसच्या एका मिनिटाच्या रनला त्याच्यासारखा नाही. आर-एस४ ला तापायला वेळ लागतो पण वीस मिनिटांचं सेशन अख्खं एकसारखा चालतो आणि टिकतोही जास्त. आरटी६६० ह्यांच्या अधेमधे.

रोज वापरता येतात का? येतात, पण तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट सांगतो, मी वापरणार नाही. आवाज करतात, खडी उचलून फेंडरवर मारतात, आणि पावसात साचलेल्या पाण्यावर, तेही अर्धे घासलेले असताना, गाडी तरंगते. बे एरियात डिसेंबर ते मार्च पाऊस असतो आणि तुम्ही ८८० वर ट्रकच्या मधे असता. थंडीचंही आहे. अशा टायरची रबर थंडीत कडक होते, गोठणबिंदूच्या खाली तर तडे जाऊ शकतात, तेव्हा टाहोच्या बर्फात गाडी न्यायची असेल तर हे टायर विसरा.

म्हणून माझं म्हणणं दोन सेट. आताच्या १८ वर साधे चांगले समर टायर रोजसाठी, आणि १७ चा वेगळा सेट ट्रॅकसाठी. चार चाकं एकावर एक ठेवली तर दोन फूट बाय दोन फूट जागा लागते, वर कव्हर घाला, बाल्कनीत कपडेही वाळतील.

कोपरा_अकरा

अप्पा, तुमचं सगळं पटलं पण एका मुद्द्यावर थांबा. ताईंचे तीनच ट्रॅक डे झालेत. आत्ता २०० वाले देऊ नका म्हणतो मी.

पायलट स्पोर्ट सारखा टायर सुटायच्या आधी ओरडतो, किंचाळतो, मग हळूहळू सरकतो. तुम्हाला वेळ मिळतो, कान आणि कंबर शिकते. चिकट टायर गप्प असतो, जास्त वेगावर सुटतो आणि सुटला की पटकन सुटतो. शिवाय वेग वाढला की ब्रेकवर ताण वाढतो, आणि ब्रेक पॅड अन् ब्रेक ऑइल कंपनीचंच असेल तर टायर धरतोय पण पेडल स्पंज झालंय अशी वेळ येते. मी माझ्या दुसऱ्या वर्षी नेमकं हे केलं, थंडरहिलला सरळ पट्ट्याच्या शेवटी पेडल तळाला गेलं, बाहेर बरंच मोकळं मैदान होतं म्हणून आज लिहितोय. आधी पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल, मग चिकट टायर.

म्हणून अजून एक सीझन एकच सेट : १७ बाय ८, २२५/४५, चांगला समर टायर, पायलट स्पोर्ट ४एस किंवा कॉन्टिनेंटलचा एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट स्पोर्ट ०२ च्या जातीचा, त्या साइझमध्ये जो मिळेल तो. तुमची १८ ची मॅगव्हील विकू नका, पुढे अप्पांच्या सल्ल्यावर याल तेव्हा तीच रोजची होतील.

फ्रीमाँटची_पोर

अरे बापरे, एका दिवसात एवढं सगळं, मनापासून थँक्यू सगळ्यांना. अप्पा, टाहोचं बरं सांगितलंत, जानेवारीत जायचा बेत होता, आता नवऱ्याची गाडी न्यायची. ब्रेक पॅडचं मला कोणीच सांगितलं नव्हतं, ते आधी करते. मग कोपरा दादा म्हणतायत तसं, आधी कॅम्बर बोल्ट आणि १७ बाय ८.

अजून दोन गोष्टी. हवा किती ठेवायची? दारावर लिहिलंय ३५ पीएसआय, ती सकाळी भरून जाते, पण थंडरहिलला दुपारी गाडी साबणावरून चालल्यासारखी वाटायला लागली होती. आणि नवीन रिमला नट जुनेच चालतात का?

कोपरा_अकरा

साबणासारखी वाटली कारण दुपारपर्यंत तुमची हवा ४४-४५ झाली असणार. ढोबळ हिशोब, तापमान १० डिग्री फॅरेनहाइट वाढलं की हवा एक पीएसआय वाढते. विलोजला, म्हणजे थंडरहिल आहे त्या गावी, उन्हाळ्यात सकाळी ६० असतं आणि दुपारी १०० च्या वर, म्हणजे गाडी नुसती उभी असली तरी ४ वाढली, वर सेशनमध्ये टायर तापून अजून ५-६. तेव्हा थंड हवेचा आकडा सोडून द्या, गरम आकडा धरा. सकाळी २९ ने सुरू करा, सेशन संपवून पिटमध्ये आलात की लगेच, हेल्मेट काढायच्या आधी, चारही मोजा, ३४-३५ वर आणून सोडा. प्रत्येक सेशननंतर परत. आणि घरी निघायच्या आधी, टायर गार झाल्यावर, परत ३५ भरायला विसरू नका, नाहीतर परतीच्या वाटेवर २६ वर फ्रीवे चालवाल.

टायरच्या खांद्यावर बारीक त्रिकोणाची खूण असते, तिच्यावरून, नक्षीच्या कडेपासून बाजूच्या भिंतीपर्यंत पांढऱ्या खडूने जाड रेघ मारा. सेशननंतर रेघ त्रिकोणाच्या खालीपर्यंत पुसली असेल तर टायर फार लोळतोय, हवा किंवा कॅम्बर कमी. त्रिकोणाच्या बरीच वर शाबूत असेल तर हवा जास्त. मी आजही खडू डिकीत ठेवतो.

नट : तुमच्या गाडीचे एम१२, पिच १.२५, ६० अंशाच्या शंकूचे. बाहेरच्या बऱ्याचशा रिमना तोच शंकू लागतो, पण नटाचं भोक अरुंद असतं, कंपनीच्या नटावर पाना आत जात नाही, तेव्हा बारीक नट आणि पातळ भिंतीचा सॉकेट घ्या. रिमचं मधलं भोकही बघा, तुमचा हब (ज्यावर रिम बसते तो गाडीचा भाग) ५६.१ मिमी, बाहेरची रिम बहुतेक वेळा त्याहून मोठी येते, मधे रिंग लागते. प्लॅस्टिकची घेऊ नका, ब्रेकच्या उष्णतेने वितळते, ॲल्युमिनियमची घ्या.

टॉर्क १२० न्यूटन मीटर, म्हणजे ८९ फूट-पौंड. दुकानात गनने आवळून देतात त्यावर जाऊ नका, घरी येऊन स्वतः टॉर्क रेंचने बघा, ५० मैलांनी परत एकदा, आणि ट्रॅकवर पहिल्या सेशनआधी आणि जेवणाच्या सुट्टीत, चाकं गार असताना.

थंडरहिलची पुढची तारीख कुठली धरलीय ते इथे टाका, मी त्या दिवशी मोकळा असेन तर खडू आणि गेज घेऊन येतो.