कैद्याची कोर्ट फी: सोलापुरात आणि अमेरिकेत

कोणीतरी लिहिलंय की तुरुंगात असलेल्या माणसाला केस लढायला आधी कोर्ट फी मोजावी लागते. आपल्याकडे तसं नाही हो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम १२: कोठडीतल्या व्यक्तीला मोफत मदत, उत्पन्न कितीही असो. वकिलासोबत कोर्ट फीही त्यातच. सोलापूरकरांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्यावा. (मध्येच कोणी 'फाईलचा खर्च' मागितला तर सरळ नाही म्हणायचं.)

अमेरिकेत मात्र १९९६ च्या कायद्यानं गरीब कैद्यालाही फेडरल (म्हणजे केंद्रीय) कोर्टातल्या दिवाणी दाव्याची पूर्ण फी हप्त्यानं भरावी लागते. खात्यात १० डॉलरच्या वर पैसे असले की आदल्या महिन्याच्या जमेच्या २० टक्के कापतात. आणि २०१६ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं, हे २० टक्के प्रत्येक दाव्याचे वेगळे. पाच दावे असले तर अख्खी जमा गेलीच की!