एंगाडीन व्हॅलीत क्रॉस कंट्री स्कीइंग, आम्हाला जमेल का?

कंबरतलाव_वॉकर:
नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितोय. लेक झुरिकला नोकरीला आहे, फेब्रुवारीत मी अन् ही तिकडं जातोय आणि ती म्हणते बाबा चार दिवस स्वित्झर्लंडमधल्या एंगाडीनला जाऊ, क्रॉस कंट्री स्कीइंग करू. आता आम्ही रोज कंबर तलावाला चक्कर मारणारी माणसं, पन्नाशी ओलांडलेली, बर्फ बघितला तो फ्रीजरमधला. डोंगरावरून घसरायचं काम असेल तर आत्ताच नाही सांगून टाकतो, हिचा गुडघा कुरकुरतोय. सपाट रस्ते असतात का?

बर्फातला_भाऊ:
काका, लिफ्टनं वर जाऊन घसरतात ते वेगळं. ह्यात बूट फक्त पुढं स्कीला अडकतो, टाच मोकळी. क्लासिक प्रकार घ्या, मशीननं बर्फात दोन खाचा पाडलेल्या असतात, स्की त्यातनं सरळ जाते. स्केटिंगवाला प्रकार पहिल्यांदा नको, दम निघतो. भाड्यानं घेताना खाली स्किन, म्हणजे केसाळ पट्टी, लावलेली स्की मागा, चढावर मागं घसरत नाही. अन् बुटाच्या तळाला बर्फ चिकटला की क्लिप लागतच नाही, आधी काठीच्या टोकानं खरवडा.

मेघना_ताई:
व्हॅलीचा तळ १७००-१८०० मीटरवर आहे अन् बराचसा सपाट. मार्चच्या दुसऱ्या रविवारी मालोया ते श्चान्फ ४२ किमीची स्की मॅरेथॉन असते, १९६९ पासून, गोठलेल्या सिल्स अन् सिल्वाप्लाना तलावांवरून जाते. तो सगळा रूट तुमच्यासाठी नाही. सेंट मॉरिट्झच्या पुढं श्टात्सच्या जंगलात असा उतार आहे की रेसला झाडांना गाद्या बांधतात, माणसं आदळतात म्हणून! तुम्ही सामेदान-बेवर-ला पुंत करा. ट्रेन शेजारनंच जाते, दमलात की स्टेशन गाठायचं. तलावावर मात्र ट्रॅक उघडलाय का बघूनच जा.

हुरडा_पार्टी:
दोन सोलापुरी चादरी घेऊन जावा काका 😄

मेघना_ताई:
नको ओ, उलट जाड जॅकेटात घामानं भिजाल अन् थांबलात की कुडकुडाल. पातळ कपडे एकावर एक घाला. गॉगल अन् सनस्क्रीन विसरू नका, बर्फावरचं ऊन आपल्या मे महिन्यालाही ऐकत नाही.

बर्फातला_भाऊ:
काकूंना स्की नको असेल तर चालायचे रस्ते वेगळे आहेत, गुलाबी पाट्या बघायच्या. पोंत्रेसिनाहून रोझेग व्हॅलीत मस्त वाट जाते, घोडागाडी पण मिळते. फक्त स्कीच्या खाचांवरून चालू नका, ट्रॅक खराब होतो अन् लोक जाम चिडतात.

कंबरतलाव_वॉकर:
हिला घोडागाडी सांगितल्यावर ही आत्ताच तयार झाली बघा. ट्रॅकला तिकीट लागतं का?

मेघना_ताई:
हो, पास लागतो, टुरिस्ट ऑफिसात मिळेल. पहिल्या दिवशी तासाभराचा क्लास लावा, पडल्यावर उठायचं कसं हे आधी शिकून घ्या, दोन्ही स्की उताराला आडव्या करून गुडघ्यावर यायचं असतं, काकूंनी मात्र गुडघा जपून.