मदत हवी आहे: ओहायोत भूजल प्रदूषणाचा दावा, पण क्लास फक्त 'काही मुद्द्यांपुरता' मंजूर

नमस्कार मंडळी. ओहायोत आमचं स्वतःचं घर आहे. जवळच्या कारखान्यातलं ट्रायक्लोरोइथिलीन (धातूंवरचं ग्रीस काढायचं विषारी रसायन) वर्षानुवर्षं भूजलात झिरपलं आणि आता त्याची वाफ बेसमेंटमध्ये येते, असं तपासणीत निघालं. मुलांची खेळायची खोली तिथेच होती. ती बंद केली आहे, पण जिवाचा घोर काही जात नाही.

आसपासच्या घरमालकांनी फेडरल कोर्टात लावलेल्या दाव्याची नोटीस नुकतीच आली. फेडरल दिवाणी नियम २३(सी)(४) खाली क्लास अ‍ॅक्शन (सारखी तक्रार असलेल्या अनेकांचा मिळून एक दावा; त्या गटाला 'क्लास' म्हणतात) मंजूर झाली आहे, पण ठरावीक मुद्द्यांपुरतीच. प्रदूषण कंपनीने केलं का, धोक्याची तिला कल्पना यायला हवी होती का, घरांत वाफ शिरण्याची शक्यता त्यामुळे निर्माण झाली का, एवढंच सगळ्यांसाठी एकदम ठरणार. कोणाच्या घरात खरोखर किती वाफ आली, घराची किंमत किती उतरली, हे ज्याचं त्याने नंतर सिद्ध करायचं.

शोधताना डेटनच्या मॅककुक फील्ड वस्तीचा खटला सापडला, बराचसा आमच्यासारखाच. नुकसान आणि त्याचं कारण घरागणिक वेगळं, म्हणून तिथे कंपनीची पूर्ण जबाबदारी एकदम ठरवणारा क्लास नाकारला गेला, पण सात मुद्द्यांना मंजुरी मिळाली. २०१८ मध्ये सिक्स्थ सर्किटने (ओहायो ज्याच्याखाली येतं ते फेडरल अपील कोर्ट) ती कायम ठेवली आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने अपील ऐकायला नकार दिला. त्यामुळे आमचा क्लास टिकेल अशी आशा वाटते.

भीती पुढची आहे. फ्लोरिडातल्या सिगारेटच्या एंगल खटल्यात राज्याच्या सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये समाईक निष्कर्ष बरेचसे राखले, पण क्लास मोडून प्रत्येकाला एका वर्षात आपापला दावा लावायला सांगितलं. आमचंही तसंच होणार का? तोवर आमची स्वतंत्र दावा लावायची मुदत थांबलेली असते का? नोटिशीत फक्त मालमत्तेचा उल्लेख आहे, तब्येतीचा अजिबात नाही. क्लासमध्ये राहावं की बाहेर पडावं? कोणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, मी वकील नाही, क्लीव्हलंडला पॅरालीगल (वकिलांची मदतनीस) आहे, तेव्हा हे वकिलाकडून तपासून घ्याच.

राहिलात तर मुद्द्यांचा निकाल तुमच्यावर बंधनकारक, जिंकलो तरी आणि हरलो तरी. पण कंपनीने काय केलं हे सिद्ध करायला भूगर्भतज्ज्ञ लागतात, आणि तो खर्च एकट्या घराला झेपत नाही. मी तुमच्या जागी असते तर बाहेर पडले नसते.

मुदतीचं मात्र नीट बघा. क्लासमध्ये मांडलेल्या दाव्यांची मुदत थांबते, हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या १९७४ च्या अमेरिकन पाइप निकालापासून चालत आलंय आणि ओहायोच्या सुप्रीम कोर्टानेही २००२ मध्ये ते तत्त्व स्वीकारलं. पण जे दाव्यात मांडलेलंच नाही, त्याला हा आधार धरू नका. शारीरिक इजेसाठी ओहायोत साधारण दोनच वर्षं मिळतात. घरात कोणाला त्रास असेल तर मूळ तक्रारीची प्रत घेऊन या आठवड्यातच स्वतंत्र वकील गाठा. अशी कामं वकील बहुधा मिळालेल्या भरपाईच्या टक्केवारीवर घेतात, आधी पैसे मोजावे लागत नाहीत. क्लासचे वकील तुमची वैयक्तिक भरपाई लढवणार का, हे त्यांच्याकडून लेखी घ्या.

तपासणीचे सगळे अहवाल, वाफ बाहेर काढायचा पंखा बसवला असेल तर त्याची पावती, घराचं जुनं मूल्यांकन, सगळं जपून ठेवा. भरपाईच्या टप्प्यात हेच कागद लागतील.